पायथनपाथ टाका म्हणणाऱ्यांना उत्तर

नवशिक्या प्रोग्रॅमरांमध्ये एक तोडगा सतत फिरतो: 'व्हीएस कोडमध्ये (कोड लिहायच्या एडिटरमध्ये) पायथनला मॉड्यूल सापडत नाही? म्हणजे पाथ चुकलाय. विंडोजच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये पायथनपाथ (पायथनने मॉड्यूल कुठे शोधायचं त्या फोल्डरांची यादी) टाका, व्हीएस कोड रीस्टार्ट करा. तरी नाही जमलं तर फाइलच्या सुरुवातीला सिस.पाथ.अपेंड (कोडमधूनच शोधायचं फोल्डर जोडणारी ओळ) लिहा. इम्पोर्टखालची नागमोडी रेघ गेली की झालं.'

यातलं रीस्टार्ट तेवढं बरोबर आहे. आधीच चालू असलेल्या प्रोग्रॅमला नवं व्हेरिएबल दिसत नाही.

'रेघ गेली की झालं' हे सगळ्यात फसवं. रेघ ओढतो पायलान्स (व्हीएस कोडमधलं कोड तपासणारं एक्स्टेंशन) आणि कोड चालवतो इंटरप्रिटर, म्हणजे प्रत्यक्ष पायथन. सेटिंग्जमध्ये एक्स्ट्रापाथ्स (पायलान्सने शोधायची जादा फोल्डरं) भरले की पायलान्स गप्प बसतो, पण रन केल्यावर तीच एरर पुन्हा हजर. उलट सिस.पाथ.अपेंडने कोड चालतो, पण रेघ तशीच राहू शकते, कारण पायलान्स तुमचा कोड चालवून बघत नाही. म्हणजे हा तोडगा स्वतःच्याच कसोटीवर नापास.

'म्हणजे पाथ चुकलाय.' बहुतेकदा पाथ नाही, पायथनच चुकलेला असतो. मशीनवर दोन-तीन पायथन असतात. पिपने (पॅकेज बसवणाऱ्या टूलने) पॅकेज एकात टाकलं आणि व्हीएस कोड दुसराच चालवतोय. सिस.एक्झिक्युटेबल प्रिंट करा, कोण चालतोय ते कळेल. मग कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून 'सिलेक्ट इंटरप्रिटर'. प्रोजेक्टचं फोल्डर हलवलं असेल तर जुना व्हेन्व्ह (त्या प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) दुरुस्त करत बसू नका, नवा करा. त्यात जुने पूर्ण पाथ लिहिलेले असतात.

'पायथनपाथ टाका.' तो मशीनवरच्या सगळ्या पायथनना लागू होतो आणि त्यातली फोल्डरं स्टँडर्ड लायब्ररीच्याही आधी तपासली जातात. त्यात तुमची रँडम.पीवाय पडलेली असेल, तर भलत्याच प्रोजेक्टमध्ये 'इम्पोर्ट रँडम' तीच उचलणार. शोधत बसा मग.

सिस.पाथ.अपेंडमध्ये 'डी' ड्राइव्हचा पाथ लिहिला तर तो सहकाऱ्याच्या मशीनवर नसतो. दोन टिंबांचा (म्हणजे 'एक फोल्डर वर') लिहिला तर तो फाइलपासून नाही, टर्मिनल ज्या फोल्डरमध्ये उभं आहे तिथून मोजला जातो.

फाइल थेट चालवली की पायथन आधी त्या फाइलच्या फोल्डरात शोधतो; 'पायथन -एम' दिलं की चालू फोल्डरात. त्यामुळे प्रोजेक्टच्या मुळाशी उभं राहून -एमने चालवलं तरी अनेकदा भागतं. कायमचं हवं असेल तर पायप्रोजेक्ट.टॉमल (प्रोजेक्टची माहिती देणारी फाइल) लिहून 'पिप इन्स्टॉल -ई .' करावं, म्हणजे प्रोजेक्ट आहे त्या जागेवरूनच पायथनला जोडला जातो. सेटअपटूल्सच्या (पॅकेज बांधणाऱ्या टूलच्या) नव्या आवृत्त्यांत ही जोडणी कधीकधी इम्पोर्ट हुकने (इम्पोर्टच्या वेळी चालणाऱ्या कोडने) होते, ती पायलान्सला दिसत नाही. कोड चालतोय आणि रेघ उरलीय, अशा वेळी एक्स्ट्रापाथ्स खुशाल भरा.