सहा नग, एकच नंबर

परवा चाकणला एका कारखान्याच्या गेटवर माझा जो पाणउतारा झाला, तो मी अजून घरी सांगितलेला नाही. बायको वॉचमनची बाजू घेईल, याची खात्री आहे.

काम किरकोळ होतं. भट्ट्यांचं तापमान मोजणारे सहा बोर्ड बसवायचे, इथरनेटच्या, म्हणजे यंत्रांना आपसात जोडणाऱ्या नेटवर्कच्या, वायरी खोचायच्या, कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर सहा आकडे दाखवायचे आणि दोनच्या आत पुण्यात परत. बोर्ड माझे, कोड माझा. टेबलावर पंधरा दिवस एक बोर्ड बिनतक्रार चालला होता. एक. हा शब्द पुढे येणार आहे.

गेटवर काका बसले होते. पुढ्यात आवक-जावक रजिस्टर, रजिस्टरवर फूटपट्टी.

"कुणाकडं?"

"मेंटेनन्स."

"कुणाकडून?"

सांगितलं.

"कशाचं हाय?"

मला मनात हसू आलं. इथरनेटची फ्रेमही, म्हणजे वायरीवरून जाणारा माहितीचा एक गठ्ठा, अगदी याच क्रमानं बोलते. आधी ज्याच्याकडे जायचं त्याचा पत्ता, 6 बाइट. मग पाठवणाऱ्याचा, आणखी 6. मग आत काय प्रकारचा माल आहे ते 2 बाइटमध्ये; 0800 असलं की आयपीचं पाकीट (आयपी म्हणजे नेटवर्कमध्ये यंत्राला नेमून दिलेला दुसरा पत्ता), 0806 असलं की "अमुक आयपीवाला कोण रे तुमच्यात?" अशी आरोळी. फरक इतकाच की फ्रेम त्याआधी 8 बाइट, शेवटचा बिट सोडला तर, नुसता एक-शून्य-एक-शून्यचा घसा खाकरते, म्हणजे समोरचा जागा होतो. काका खाकरत नाहीत. थेट अंगावर येतात.

"ह्यो रकाना रिकामा ऱ्हायला."

रकाना होता 'सायकल बिल्ला क्रमांक'. मी म्हटलं, "काका, मी गाडीनं आलोय."

"मग रेघ मारा. रिकामं सोडायचं न्हाई."

त्या गेटातून शेवटची सायकल कधी गेली असेल देव जाणे. पण हसणार कोणाला? आमच्याकडेही तेच. फ्रेममधला माल 46 बाइटांपेक्षा कमी भरला तर उरलेल्या जागेत शून्यं कोंबावी लागतात. ती आरोळी जेमतेम 28 बाइटांची, म्हणजे 18 बाइट निव्वळ रेघा. कारण जुनं आहे. सगळी यंत्रं एकाच जाड वायरीवर बोलायची तेव्हा दोघांची टक्कर झाली, तर ती बातमी परत येईपर्यंत बोलणाऱ्यानं बोलत राहणं भाग होतं. म्हणून पूर्ण फ्रेम किमान 64 बाइटांची. आता मध्ये स्विच, म्हणजे प्रत्येक वायरीला वेगळं दार देणारी खोकी, आली, टकरी संपल्या, सायकली गेल्या. रकाना आहे.

"नगाचा नंबर?"

मी एक डबा पुढे केला. स्टिकरवर 01. काकांनी दुसरा घेतला. 01. तिसरा. सहाही डबे टेबलावर ओळीत मांडून त्यांनी चष्मा वर केला.

"सहा नगांना एकच नंबर कसा, सायेब?"

"मॉडेलचा आहे तो."

"मग नगाचा?"

"नगाला वेगळा नाही. सगळे सारखेच आहेत, काका."

"सारखं कसं? माझ्या दोन म्हशी हायेत. दोन्ही काळ्या. पण चंद्री म्हटलं की चंद्रीच वळती."

मागे ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. मी उगाच म्हटलं, "दोघींना चंद्री म्हणायचं मग."

काकांनी यावर खरोखर विचार केला. "मग एकीचीच धार दोनदा काढली असती, आन् दुसरी रातभर हंबरली असती."

वाद नको म्हणून मी पेन काढून स्टिकरांवर 1 ते 6 खरडलं आणि अडाणीपणाला मनातल्या मनात नमस्कार करून आत गेलो.

आत सहाही बोर्डांचे हिरवे दिवे लागले. स्क्रीनवर एक आकडा उमटला, गेला. दुसरा उमटला, गेला. पिंगला, म्हणजे 'आहेस का?' या हाकेला, दोन उत्तरं यायची, मग शुकशुकाट. पाच वायरी काढल्या की उरलेला एक झकास चाले. वायरी बदलल्या, स्विच बदलला, त्यांच्या अर्थिंगला शिव्या घातल्या. मेंटेनन्सची माणसं मागे उभं राहून चहा पीत होती. मला विचारलाही नाही.

सवाचारला सापडलं. नमुना कोडमधून मी मॅक अ‍ॅड्रेसच्या, म्हणजे फ्रेमवरच्या त्या पत्त्याच्या, 6 बाइट जशाच्या तशा उचलल्या होत्या. आयपी सहांचे सहा, मॅक एकच. आता स्विच बिचारा लक्षात काय ठेवतो? कुठल्या पत्त्याचा आवाज कुठल्या दारातून आला, एवढंच. शेवटी जो बोलला त्याचं दार खरं. चौथ्या बोर्डाची फ्रेम दुसऱ्याच्या दारात जायची. पत्ता जुळतोय म्हणून तो आत घ्यायचा, पाकीट उघडायचा, आयपी आपला नाही म्हणून गुपचूप टाकून द्यायचा. चौथा तिकडे वाट बघतोय. हंबरतोय.

यात चीड येते ती 'गुपचूप'ची. काका निदान ओरडतात. फ्रेम टाकून देणारा चकार शब्द काढत नाही. आणि सांगतोच आहे तर हेही सांगतो: वेगळा मॅक कोरूनच मिळणारी मेमरीची चिमुकली चिप मी सामानाच्या यादीत लिहिली होती. खरेदीवाल्यांनी काट मारली. "कोडमध्ये करा ना, तुम्ही हुशार आहात." हुशार माणसाची अशीच स्वस्तात विल्हेवाट लावतात.

नशिबानं बोर्डावरच्या मुख्य चिपच्या, मायक्रोकंट्रोलरच्या, पोटात मुळातच 96 बिटांचा स्वतंत्र क्रमांक असतो. तो पिळून 5 बाइट काढल्या, आणि पुढे 02 लावली. 02 म्हणजे 'हा पत्ता घरगुती आहे, रीतसर विकत घेतलेला नाही' अशी जाहीर कबुली. सहाही डबे उघडून पुन्हा कोड भरेपर्यंत सात वाजले.

गेटवर काकांनी बॅग रिकामी केली. लॅपटॉप एक, प्रोग्रॅमर (बोर्डात कोड भरायचं यंत्र) एक, वायर दोन.

"येताना वायर एक हुती."

मेंटेनन्सची एक माझ्या बॅगेत आली होती. "ती ठेवून घ्या," मी म्हणालो.

"तसं न्हाई. मोजणी जुळली न्हाई, सगळंच आत न्या. नवीन पास करून आणा."

फ्रेमच्या शेवटच्या 4 बाइट हेच करतात. एक बिट चुकला की अख्खी फ्रेम बाद. बरोबर होतं तेवढं तरी ठेवा, असली भीड नाही. अर्ध्या तासानं मी नवा पास घेऊन आलो. काकांनी पुन्हा मोजलं, शिक्का मारला.

"नगांचं जमलं का?"

"जमलं."

"काय बिघडलं हुतं?"

टेबलावर त्यांची फूटपट्टी होती आणि तिच्याखाली, सकाळच्या ओळीत, माझ्याच सहीसमोर 'नग 1 ते 6'.

"अर्थिंग," मी म्हणालो.

त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात ते लिहूनही घेतलं.