नऊ आठवड्यांचं आणि सात आठवड्यांचं

आज दुपारी इथेच मुलुंडला एका डोहाळजेवणाला गेले होते. घरी आले, चहा ठेवला, तो उतू जाऊन गॅस विझला तरी मी ओट्यापाशी नुसती उभी. इतकं डोकं फिरलंय. लिहून टाकते, नाहीतर रात्रभर झोप लागायची नाही.

कार्यक्रम छान होता. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा, वाटीखाली पेढा की बर्फी, सगळं साग्रसंगीत. माझी भाची पण आली होती, मावसबहिणीची मुलगी. गेल्या महिन्यात नवव्या आठवड्यात तिचं पोट पडलं. (तिला विचारूनच लिहितेय.) तिला यायचंच नव्हतं, आईने ‘बरं दिसत नाही’ म्हणून आणलं. आणि ओटी भरायला एकेकीला हाक मारून बोलावलं, तेव्हा हिला कुणी बोलावलं नाही. मागच्या रांगेत मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. जवळ गेले तर डोळे भरलेले.

तेवढ्यात नात्यातल्या एक काकू आल्या. तिच्या पाठीवर हात ठेवला, मला वाटलं आता काहीतरी मायेचं बोलतील. म्हणाल्या, “अगं रडतेस काय वेड्यासारखी? नऊ आठवडे म्हणजे काय, रक्ताची गाठ ती. जीव सातव्या महिन्यात येतो, शास्त्रात लिहिलंय. काही गेलेलं नाही तुझं.”

मी गप्प बसले. समारंभात तमाशा नको म्हणून. याचाच आता जास्त राग येतोय.

पुढचं ऐका. तासाभराने जेवणाच्या रांगेत त्याच काकू माझ्या पुढे. विषय नात्यातल्या दुसऱ्या एका मुलीचा. दोन लहान पोरं, नवऱ्याची नोकरी गेलेली, तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा सातव्या आठवड्यात डॉक्टरकडे जाऊन तिने गोळ्या घेतल्या. काकू म्हणाल्या, “पहिल्या दिवसापासून जीव असतो गं त्यात. हत्याच ती. कुठे फेडणार आहे कोण जाणे.” शेजारी त्यांचा एमबीबीएसला असलेला नातू. त्याने पनीर वाढून घेता घेता शिक्कामोर्तब केलं, “सायंटिफिकली फर्टिलायझेशनपासूनच ह्यूमन लाइफ सुरू होतं.”

म्हणजे नऊ आठवड्यांचं काहीच नव्हतं आणि सात आठवड्यांचं माणूस होतं. एकाच तोंडाने, एकाच हॉलमध्ये, तासाभराच्या आत! जी रडतेय तिला ‘रडू नकोस, काही नव्हतंच’. आणि जी रडत नाही तिला ‘रड, तू जीव घेतलास’. दोघींपैकी एकीलाही कुणी विचारलं नाही की बाई गं, तुला काय वाटतंय.

माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणींना माहीत आहे, काहींना नाही. २००९ मध्ये माझंही गेलं. एकोणीस आठवडे पाच दिवस. त्याच्या साधारण दहा दिवस आधी, ऑफिसला जाताना लेडीज डब्यात दाराजवळच्या खांबाला धरून उभी होते, माटुंगा सुटलं होतं, दादर यायचं होतं. तेव्हा पोटात काहीतरी झालं. बुडबुडा फुटावा तसं, किंवा आतून कुणी बोटाने हळूच टिचकी मारावी तसं. मी पोटावर हात ठेवला असणार, कारण खिडकीजवळची एक कोळीण उठली आणि मला म्हणाली, “बस बाय, हललं ना?” तिची टोपली, तिची जागा, तो वास, आजही जसाच्या तसा आठवतो. मला विचारलंत जीव कधी आला, तर माझं उत्तर ठरलेलं आहे. माटुंगा आणि दादरच्या मध्ये.

आता कुणीतरी खाली कॉमेंट करणार की हे झालं तुझं फीलिंग, शास्त्र वेगळं. ठीक आहे, शास्त्र बोलू.

काकूंचं ‘सातवा महिना’ खोटं नाही. गर्भोपनिषदात आहे ते. एका रात्रीत कलल (म्हणजे पातळ मिश्रण), सात रात्रींत बुडबुडा, महिन्याभरात घट्ट, दोन महिन्यांत डोकं, आणि सातव्या महिन्यात जीवाशी संयोग. पण चरक म्हणतो शुक्र (पुरुषाचं बीज), शोणित (बाईचं रज) आणि जीव तिन्ही कुशीत एकत्र आले की त्यालाच गर्भ म्हणायचं, म्हणजे जीव पहिल्यापासूनच. आणि सुश्रुत चौथ्या महिन्याला चेतना प्रकट होते म्हणतो. तेव्हापासून बाईला दोन हृदयं, म्हणून ती दौहृदिनी, आणि आपला ‘डोहाळे’ शब्द त्याच दोहदापासून आला. फुलांच्या अक्षरांत ‘डोहाळे’ लिहिलेल्या पाटीखाली उभं राहून काकू सातवा महिना सांगत होत्या! आणि ज्या आजीने मला वाढवलं तिच्या मते तर सगळ्याच्या वर सटवाई, ती जन्मानंतर येऊन कपाळावर लिहिते, तोवर काहीच नक्की नाही. एकाच परंपरेत चार तारखा. त्यातली कुठली काढायची हे कोण ठरवतं? समोरच्या बाईला काय ऐकवायचंय त्यावर ठरतं.

आणि हे फक्त आपल्यातच आहे असं नाही. इतकी वर्षं मुंबईच्या लोकलने प्रवास केल्यावर सगळ्यांच्या घरातलं कळतं. मुंब्र्याहून येणारी माझी मैत्रीण सांगायची, त्यांच्यात एकशेवीस दिवसांनी रूह फुंकली जाते, काही आलिम (धर्मपंडित) चाळीस दिवस म्हणतात. ठाण्याची ईस्ट इंडियन (म्हणजे इथलीच मूळची ख्रिश्चन) मैत्रीण म्हणायची गर्भ राहिला त्या क्षणापासूनच. पण तिच्याही चर्चमध्ये हे कायम असंच नव्हतं. अ‍ॅरिस्टॉटलने मुलगा चाळिसाव्या दिवसाच्या सुमाराला हलतो आणि मुलगी नव्वदाव्या, असं लिहून ठेवलं होतं (मुलगी तिथेही उशिरा!). त्याच्या मागे जाणारा चर्चचा मोठा पंडित थॉमस अक्वायनससुद्धा माणसाचा आत्मा नंतर येतो असंच म्हणायचा. जीव आलेला गर्भ आणि न आलेला गर्भ हा गर्भपाताच्या शिक्षेतला फरक पोप नववा पायस यांनी १८६९ मध्ये काढून टाकला. माझ्या शेजारच्या जैन बेन तर तीर्थंकर गर्भात उतरले तोही दिवस कल्याणक म्हणून पाळतात. त्यांनीच मला गोष्ट सांगितली होती, आईला त्रास नको म्हणून महावीर पोटात हलायचेच थांबले, मग त्रिशलामाता घाबरून रडायला लागली, तेव्हा त्यांनी जरासं हलून दाखवलं. ही गोष्ट ऐकून मी जिन्यात बसून रडले होते. त्या बेननी पाणी आणून दिलं आणि काहीही विचारलं नाही.

विज्ञानाकडे येते, कारण त्या नातवाचा मला जास्त राग आलाय. काकूंचं वय आहे, तो तर शिकतोय. बाळा, फलित झालेली पेशी जिवंत असते आणि तिच्यात माणसाची सेहेचाळीस गुणसूत्रं असतात हे खरं आहे, मान्य, ते कोण नाकारतंय. पण ते फलन हा काही टाळी वाजवल्यासारखा क्षण नसतो, त्यालाच जवळजवळ एक दिवस लागतो. मग ती पेशी गर्भाशयाला चिकटायला सहा ते दहा दिवस, आणि कितीतरी चिकटतच नाहीत, पाळीबरोबर निघून जातात. त्यांचं सुतक धरलंय का कुणी? चौदाव्या दिवसापर्यंत त्या एकाचे दोन होऊन जुळी होऊ शकतात, मग आधी तिथे एक जीव होता की दोन? म्हणूनच तर ब्रिटनच्या वॉर्नक समितीने १९८४ मध्ये प्रयोगशाळेतल्या गर्भासाठी चौदा दिवसांची रेघ आखली. पुढे सहाव्या आठवड्याला धडधड, आणि मेंदूच्या वरच्या थरापर्यंत जोडण्या पोहोचायला चोवीस आठवड्यांच्या आसपास. आणि गंमत नाही सांगत, डॉक्टर आठवडे मोजतात शेवटच्या पाळीपासून. म्हणजे नऊ महिन्यांतले पहिले दोन आठवडे पोटात कुणीच नसतं.

आपल्या केईएममध्ये ६ ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, तेव्हा सगळी मुंबई कौतुकाने पाहत होती. आज कायद्याने गर्भ दहा वर्षं गोठवून ठेवता येतो. त्या नळीतल्याचं वय किती धरायचं, काकू?

विज्ञान काय कधी होतं ते सांगतं. त्यातल्या कुठल्या दिवसाला माणूस म्हणायचं हे सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. १९७१ चा आपला कायदाही त्या भानगडीत पडत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, ठरावीक बायकांसाठी चोवीसपर्यंत दोघांचं. बस. त्या गोळ्या घेणाऱ्या मुलीने कायद्यातलं काही मोडलेलं नाही.

हो, मुलगी आहे म्हणून पाडणाऱ्यांचं काय, हा प्रश्न मला दरवेळी विचारतात आणि दरवेळी माझी जीभ अडखळते. ते चूकच आहे. आपल्या महाराष्ट्राने १९८८ मध्ये त्याविरुद्ध पहिला कायदा केला याचा मला अभिमान आहे. पण तो राग सासरच्यांवर, सोनोग्राफी मशीनवाल्यांवर, हुंडा मागणाऱ्यांवर काढा, दोन पोरांना कसं जेवू घालायचं या विचाराने रात्रभर जागलेल्या बाईवर नको.

नवरा आत्ता खांद्यावरून वाचून म्हणाला, तुझं तर्कात बसत नाही, स्वतःच्या एकोणीस आठवड्यांच्याला बाळ म्हणतेस आणि तिच्या सात आठवड्यांच्याला म्हणत नाहीस. नसेल बसत. मी तिच्या वतीने काहीच म्हणत नाहीये. ती म्हणाली असती बाळ, तर मी बाळ म्हटलं असतं आणि तरीही तिचा निर्णय तिचाच असता.

हॉस्पिटलचं नाव घेत नाही. त्या दिवशी स्टीलचा ट्रे होता, त्यावर हिरवं कापड. नर्सने यांना विचारलं, “तुम्ही नेणार की आम्ही बघू?” यांना प्रश्नच कळला नाही. कुठेतरी सही केली. डिस्चार्ज कार्डवर लिहिलं होतं ‘स्पॉन्टेनियस अबॉर्शन’. डॉक्टरी भाषेत तसंच म्हणतात, हे आता माहीत आहे. तेव्हा तो शब्द वाचून वाटलं मीच काहीतरी केलंय. जन्माची नोंद नाही, मृत्यूची नाही. अठ्ठावीस आठवड्यांच्या आतलं असेल तर मृतजन्म म्हणूनही नोंद होत नाही. ऑफिसने तीन दिवस आजारपणाची रजा दिली आणि चौथ्या दिवशी फाइल कुठे आहे म्हणून फोन आला. १९६१ पासून कायद्यात गर्भपात झालेल्या बाईला सहा आठवडे भरपगारी रजा आहे, नोकरी करणाऱ्या पोरींनो, नीट वाचून ठेवा. मला कुणी सांगितलं नाही.

त्या मुंब्र्याच्या मैत्रिणीने मात्र फोन करून पहिलं विचारलं, “नाव काय ठेवलंस?” तिच्या घरी चार महिन्यांनंतर गेलेल्याला नाव ठेवून, कफनात गुंडाळून दफन करतात. मी म्हटलं, काहीच नाही ठेवलं. आणि मग फोनवर दोघीही रडलो.

सासूबाईंचं सांगायचंय. आता त्या नाहीत. मी घरी आले तर त्यांनी मला आतल्या खोलीत बसवलं, म्हणाल्या पाच दिवस स्वयंपाकघरात यायचं नाही, देवाजवळ जायचं नाही. मी भडकले. एवढं सगळं होऊन वर विटाळ? यांच्याकरवी निरोप पाठवला की मी असलं काही पाळणार नाही. तेव्हा त्या स्वतः दारात येऊन उभ्या राहिल्या. चौथी शिकलेल्या, रत्नागिरीकडच्या, कधी आवाज न चढवणाऱ्या. म्हणाल्या, “विटाळ नाय गो. मोजतंय मी. पाच महिन्यांचा होता, पाच दिवस धरायचे. तेवढंपण कोणी धरलं नाय, तर तो आलाच नव्हता असं होईल.”

देवापुढे पाच दिवस दिवा लागला नाही. सहाव्या दिवशी त्यांनी मला स्वतः न्हाऊ घातलं. नंतर कळलं की पाचही दिवस त्यांनी चहात साखर घेतली नव्हती.

पुढे कितीतरी वर्षांनी वाचलं, गर्भ जितक्या महिन्यांचा तितक्या रात्री, हे मनुस्मृतीत आहे. मनूचं नाव काढल्यावर माझ्या यादीतली अर्धी मंडळी चिडणार, आणि चिडायलाच हवं, २५ डिसेंबर १९२७ चं महाड मीही विसरलेली नाही. पोथीत ते शुद्धीसाठी लिहिलंय, बाईला बाजूला बसवायला लिहिलंय, सगळं मान्य. पण आमच्या आईंना पोथी वाचता येत नव्हती. त्यांनी त्यातून फक्त मोजणं उचललं. अख्ख्या मुंबईत माझ्या बाळाचा हिशेब ठेवणारं एकच माणूस होतं.

मघाशी भाचीला फोन केला. आधी तिची आई बोलली, “होईल गं पुन्हा, वय आहे तिचं.” मग ती आली फोनवर. मी विचारलं, कितवा महिना लागला होता? बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “तिसरा. मावशी, तू पहिलीच विचारणारी.”

शुक्रवारी ऑफिस सुटलं की तिच्याकडे जातेय. तीन रात्री राहणार आहे.