यावलच्या आप्पांना ‘अवैध’ कसं ठरवावं

केळीवाल्यांसाठी मराठी साइट करताय? मग बटणांवरचे शब्द डेमोच्या तासभर आधी लिहा. त्याहून आधी लिहिले तर कुणीतरी वाचून बघेल.

पहिल्या पानावर ‘चल, तुझी बाग नोंदव!’ असं ठेवा. यावलचे सत्तरीतले आप्पा, ज्यांना अख्खं गाव अहो-जाहो करतं, ते या सलगीनं खूश होतील. लॉगिनला ‘आपला संकेतशब्द प्रविष्ट करा’, ओटीपीला ‘तुम्ही’. तीन पानांत तीन नाती.

पिकाच्या यादीत ‘नवती’ (नवी लागवड), ‘पिलबाग’ (जुन्या झाडाच्या पिलांवर घेतलेलं पीक) नको, शेतकऱ्याला लगेच कळतं. ‘प्राथमिक लागवड’, ‘द्वितीयक लागवड’ करा. मृगबाग नि कांदेबाग या लागवडीच्या हंगामांना ‘हंगाम १’, ‘हंगाम २’ म्हणा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्या शब्दांना थोडंच मिळालंय!

खरं कसब पुढे आहे. ‘…त आजचा भाव’ असं वाक्य एकदाच लिहा आणि त्या ‘त’च्या आधी तालुक्याचं नाव यंत्राला चिकटवू द्या. चाचणी साक्रीवरच घ्या, ‘साक्रीत’ बिनचूक येतं. मग खुशाल चोपडात, पारोळात, धुळेत, चाळीसगावत भाव फुटू द्या. ‘चोपड्यात’, ‘धुळ्यात’ हवं असेल तर प्रत्येक नावाचं सामान्यरूप तक्त्यात वेगळं साठवावं लागतं. जळगावचे १५ तालुके, धुळ्याचे ४, नंदुरबारचे ६. पंचवीस ओळी कोण टाइप करणार, भो? ‘तालुका: चोपडा’ असं सुटं लिहिलं तरी भागतं, पण मग गंमत ती काय!

मोबाइलच्या रकान्यात आप्पा मराठी कीबोर्डवरून ९८… लिहितील. तुमच्या तपासणीला फक्त इंग्रजी अंक कळतात, तेव्हा लाल अक्षरांत ‘अवैध प्रविष्टी. कृपया फक्त अंक टाका’ दाखवा. आप्पा चष्मा पुसून पुन्हा तेच दहा अंक टाकतील. देवनागरी अंक आतल्या आत बदलून घ्यायला एक ओळ पुरते, म्हणून ती लिहू नका.

जाहिरातीची चौकट नाकारायची असेल तर एकच बटण द्या: ‘नको, मला कमी भावच बरा’. केंद्राच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत डार्क पॅटर्नचे, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीचे, १३ प्रकार आहेत आणि ग्राहकाला असं लाजवणं त्यातलंच एक. यादीत नाव आलं, हेही काही कमी नाही.

आणि आप्पा कंटाळून निघालेच, तर विचारा, ‘नोंदणी रद्द करायची?’ खाली दोन बटणं: ‘रद्द’ आणि ‘ठीक आहे’.