जरा हलू नकोस, बाई

एका मंगळवारी सकाळी साडेसातला माझं मॉडेल पांढरंशुभ्र होतं. दहाच्या सुमारास त्याच्या गालांवर लाली आली. दुपारी दोनला ते राजरोस गुलाबी झालं आणि तिन्हीसांजेला लालबुंद होऊन, अंग चोरून मिटलं. तोवर माझ्या कागदावर तिन्ही रंगांचे थर चढले होते. तिन्हींचा मिळून जो चौथा रंग तयार झाला होता, त्याला मराठीत 'कळकट' असा नेमका शब्द आहे.

हे मॉडेल जास्वंदीच्या घराण्यातलं. शास्त्रीय नाव हिबिस्कस म्युटॅबिलिस, आणि त्यातल्या 'म्युटॅबिलिस'चा अर्थच मुळी 'बदलणारी'. म्हणजे झाडानं नावातच जाहीर सूचना लावून ठेवलेली. पण करारातली बारीक अक्षरं न वाचता खाली सही ठोकायची माझी सवय जुनी आहे.

कुठेतरी वाचलं होतं, की गारव्यात या फुलाचा रंगबदल मंदावतो. मग बुधवारी सकाळी उमललेलं दुसरं फूल देठासकट तोडलं, डब्यात घातलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. बाहेर काढायचं, दोन पाकळ्या रंगवायच्या, परत आत सरकवायचं. फूल खरंच पांढरं राहिलं. दुपारी आईनं फ्रिज उघडला.

"हे काय गं?"

"मॉडेल आहे. विश्रांती घेतंय."

आई काही बोलली नाही. डबा तिनं मागच्या कोपऱ्यात नीट ढकलला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की 'हिला चित्रकलेला आपणच घातलं' हे वाक्य मला स्वच्छ ऐकू आलं.

मी इलस्ट्रेटर आहे. चित्रकार स्वतःला दिसतं ते काढतो. मी दुसऱ्याच्या मनात असतं ते काढते, आणि ते त्या दुसऱ्यालाही माझं चित्र पाहिल्यावरच, म्हणजे 'असं नको होतं' या स्वरूपात कळतं. सध्या हाती असलेलं काम मुलांच्या पुस्तकाचं होतं. विषय बाग, चित्रं सोळा. संपादिका माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. मला 'ताई' म्हणते, आवाज कधी चढवत नाही, आणि तिचा 'काही घाई नाही ताई' हा निरोप आला की माझी झोप उडते.

बाग मी लावली तीच मुळी या धंद्यापायी. फोटोवरून फूल काढलं की ते फोटोसारखंच सपाट येतं. पाकळीची मागची बाजू दिसत नाही, देठ कळीला कुठे चिकटतो ते सावलीत बुडालेलं असतं, पुंकेसर मोजावेत तर तिथे नेमकं धूसर. त्यापेक्षा चार कुंड्या लावल्या तर मॉडेलं घरचीच होतील, हवी तेव्हा, हव्या त्या कोनातून, असा माझा हिशेब होता. या हिशेबात एकच गोष्ट राहून गेली होती. माणसाला 'हलू नका' म्हटलं तर तो निदान ओशाळून दोन मिनिटं बसतो.

झाड बसत नाही. खिडकीशी ठेवलेलं रोप सकाळी रेखाटायला घ्यावं, तर दुपारपर्यंत त्यानं उजेडाकडे मान वळवलेली असते. कुंडी फिरवून पूर्ववत करावी, तर दुसऱ्या दिवशी मान परत तिकडे. ट्यूलिपची तर आणखी तऱ्हा. टेबललॅम्पच्या उबेनं ते डोळ्यांदेखत उघडतं, आणि तोडून पाण्यात ठेवल्यावरही त्याचा देठ वाढत राहतो. सोमवारी कागदावर मावलेलं फूल गुरुवारी कागदाबाहेर.

मोठमोठ्यांचंही असंच व्हायचं, एवढाच काय तो दिलासा. व्हॅन गॉग 1888च्या ऑगस्टमध्ये सूर्यफुलं रंगवत होता, तेव्हा फुलं लवकर कोमेजतात म्हणून उजाडल्यापासून कामाला लागत होता. मोनेचं बरं होतं. त्यानं फ्रान्समधल्या जिव्हर्नी गावी, आपल्या बागेत, तळंच खोदून घेतलं आणि त्यातली कमळं साफसूफ ठेवायला वेगळा माळी नेमला. माझ्याकडे माळी म्हणजे आई. तिची बागकामाची व्याख्या 'पिवळं दिसलं की उपट' अशी आहे. एकदा मी तीन दिवस खपून एक पिकलेलं पान रंगवत होते. कडेला तपकिरी, मध्ये सोनेरी, शिरा अजून हिरव्या. असं पान वर्षातून एखादंच सापडतं. चौथ्या दिवशी ते नाही!

"काढून टाकलं बाई. किती वाईट दिसत होतं! बाकी झाडाला लागलं असतं."

पण मला खरा आधार दिला तो यान व्हॅन हाउसम या डच चित्रकारानं. अठराव्या शतकातला हा फुलांचा बादशहा. 1742 साली त्यानं आपल्या बड्या गिऱ्हाइकाला कळवलं होतं, की पिवळा गुलाब न मिळाल्यामुळे चित्र अडून राहिलं आहे. केवढी उमदी सबब! मी ती तातडीनं संपादिकेला सांगितली. म्हटलं, बघ, पावणेतीनशे वर्षांची परंपरा आहे.

"हो ताई," ती गोड आवाजात म्हणाली, "पण त्यांचं चित्र छापायला जायचं नव्हतं ना."

दोन्ही कामं एकाच टेबलावर चालली की काय होतं, तेही सांगून टाकते. टेबलावर तीन बरण्या असतात. एक ब्रश धुवायची, एक स्वच्छ पाण्याची आणि एक झाडांच्या पातळ खताची. एका संध्याकाळी सावल्यांचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, देताना माझा ब्रश तिसऱ्या बरणीत गेला. कागदावर उतरला तो असा काही तपकिरी, की बस! ऊबदार, पारदर्शक, कडांना आपोआप गडद होत जाणारा. मी भारावून अख्ख्या चित्राच्या सावल्या त्यातच उरकल्या. वास आला तेव्हा उशीर झाला होता. संपादिकेनं स्कॅन पाहून विचारलं, "ताई, हा सेपिया कुठल्या कंपनीचा? अप्रतिम आहे." मी विषय बदलला. मूळ चित्र अजून बाल्कनीत वाळत टाकलेलं आहे आणि त्याच्यावर माश्या येतात. माझ्या बाकीच्या चित्रांकडे माशीही फिरकत नाही.

उलट अपघातही होतो. ब्रश धुतलेलं पाणी मी मोगऱ्याला घातलं आहे. मोगऱ्यानं राग धरला नाही, पण कुंडीतल्या मातीवर आठवडाभर अल्ट्रामरीनचं निळं वर्तुळ होतं आणि आईनं त्यावर बुरशीनाशक फवारलं.

आता हिरवा. यावर मी दिवसभर बोलू शकते, घरचे ऐकू शकत नाहीत. बागेत हिरवे रंग हजारो, आणि ट्यूबमधला एकही त्यांच्यातला नाही. ट्यूबमधला हिरवा थेट लावला की पान प्लॅस्टिकचं. पिवळ्यात निळा घातला की शाळेतल्या नकाशावरची पठारं. थोडा तांबडा टाकून त्याचा तोरा उतरवावा लागतो, आणि तो 'थोडा' कायम जास्त पडतो. हूकर्स ग्रीन नावाचा रंग आहे. तो विल्यम हूकर या इंग्रज चित्रकाराच्या नावाचा. पानं रंगवायला म्हणून त्यानं प्रशियन ब्लू आणि गॅम्बोज मिसळून तो तयार केला. गॅम्बोज हा झाडाच्या चिकाचा पिवळा रंग. तो जालीम रेचकही आहे. ब्रशला टोक आणायला तो ओठांत धरणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. मी त्यांच्यातलीच आहे. माझ्या ट्यूबमध्ये आता गॅम्बोज नसतो, हे मी तीनदा तपासलं आहे.

त्याहून भारी तो एमराल्ड ग्रीन, 1814चा. तांबं आणि आर्सेनिक यांच्यापासून केलेला, डोळे दिपवणारा हिरवा. चित्रकारांनी तो वर्षानुवर्षं कॅनव्हासवर फासला, आणि पुढे अमेरिकेत तोच रंग शेतातल्या किडींवर मारायला लागले. रंग आणि कीटकनाशक एकाच डबीत! माझ्यासारखीसाठी किती सोयीचं होतं. फक्त जगायची सोय नव्हती.

हे सगळं पुराण सांगायचं कारण लिंबाची फांदी. पुस्तकातल्या नवव्या पानावर लिंबाची फांदी हवी होती. 'ताजी, टवटवीत, एकही भोक नको,' अशी सूचना होती. मी कुंडीतल्या झाडाची एक देखणी फांदी कापली, पाण्याच्या बाटलीत खोचली आणि टेबलावर, ब्रशच्या मगाशेजारी ठेवली. हिरवे रंग जुळवायला कागदाच्या पट्ट्या रंगवून पानाशेजारी धरून बघत होते. एकवीस पट्ट्या झाल्या, एकही जुळेना. बाविसावी धरली तर पानावर चिमणीची शीट. पुसायला गेले. शीट चालू लागली.

ती फुलपाखराची अळी होती. लिंबावरची ही अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेचं सोंग घेते, म्हणजे पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. मोठी झाली की कात टाकून हिरवीगार होते. आई म्हणाली, "काढ आधी ती!" मी म्हटलं, "थांब, आधी रेखाटते." चित्रकाराच्या घरातली निम्मी दुर्दशा या एका वाक्यातून होते.

मग आमची शर्यत लागली. मी पान काढायची, ती ते खायची. मी देठाकडून सुरुवात केली तर ती टोकाकडून. दुसऱ्या पानाच्या शिरा काढून होईतो शिराच उरल्या. चारपाच दिवसांनी फांदी संपली, तेव्हा मी गुपचूप कुंडीवरची दुसरी फांदी कापून आणली. आता हे मॉडेलसाठी की अळीसाठी, हे आईनं विचारलं नाही म्हणून बरं. मारिया सिबिला मेरियन ही चित्रकार 1699 साली बावन्नाव्या वर्षी समुद्र ओलांडून सुरिनामला गेली, ती तिथल्या अळ्या आणि त्या खातात ती झाडं रंगवायला. मला घरबसल्या टेबलावर मिळत होतं. आंघोळीला उशीर झाला तर काय बिघडलं?

शेवटी नववं पान तयार झालं. फांदीवर कुरतडलेली पानं, त्यावर माझी हिरवीगार अळी. चिडवली की ती डोक्यामागून दोन लाल शिंगं बाहेर काढते आणि घाण वास सोडते. ती शिंगंसुद्धा काढली. पाठवून दिलं. उत्तर तासाभरात आलं.

"ताई, सुंदर! पानं गेली तरी चालेल, अळीच ठेवू. फक्त जरा हसरी करता येईल? आणि डोळे मोठे."

मी फोन केला. म्हटलं, अगं, हिला बारा डोळे असतात, एकेका बाजूला सहा, टाचणीच्या टोकाएवढे. तुला दिसताहेत ते मोठे डोळे नव्हेत. शत्रूला घाबरवायला पाठीवर काढलेले खोटे ठिपके आहेत ते. आणि तिचे जबडे आपल्यासारखे वरखाली उघडत नाहीत, आडवे उघडतात. हसायचीच झाली तर ती उभी हसेल.

पलीकडे बराच वेळ शांतता होती.

"उभं हसू नको, ताई," ती हळुवारपणे म्हणाली. "मुलं घाबरतील."

मी हसू काढलं. आडवं, गुबगुबीत. डोळे दोन, पापण्यांसकट. काढताना अळी समोरच होती. तिनं एकदा मान वर करून कागदाच्या दिशेनं पाहिलं आणि दोन्ही शिंगं बाहेर काढली. वासही सोडला. टीका म्हणून मला ती रास्त वाटली.

दुसऱ्या दिवशी अळी बेपत्ता! फांदीवर नाही, बाटलीत नाही, टेबलाखाली नाही. आईवर संशय घेतला, तिनं बाणेदारपणे नाकारलं. मग आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून, टॉर्च घेऊन, कॅनव्हासच्या मागे, कुंड्यांच्या ताटल्यांखाली शोधत हिंडलो. 'काढ आधी ती' म्हणणारी आईच अखेर म्हणाली, "कुठे पायाखाली नको यायला बिचारी."

संध्याकाळी कामाला बसले, मगातून आठ नंबरचा ब्रश उचलायला हात घातला आणि तसाच मागे घेतला. ब्रशच्या दांड्यावर, कमरेला रेशमाचा एक धागा बांधून, अळी कोश करून बसली होती. कोश तपकिरी. दांडाही तपकिरी. हे कोश आजूबाजूला जे असेल त्याप्रमाणे हिरवे किंवा तपकिरी होतात. एकवीस पट्ट्या न रंगवता, तांबडा जास्त न पडता, पहिल्या फटक्यात रंग जुळला होता. मी चष्मा लावून, भिंग धरून पाहिलं. जरासुद्धा फरक काढता येईना.

आठ नंबर हा माझा सगळ्यात लाडका ब्रश. मोठे वॉश सगळे त्याच्यावर. मी तो मग उचलून उन्हाची तिरीप येणार नाही अशा कोपऱ्यात ठेवला. आईनं त्याच्यावर चिठ्ठी लावली: 'हात लावू नये'. घरात आम्ही दोघीच आहोत, तरीही लावली.

एवढ्यात संपादिकेचा निरोप आला. दहावं चित्र. अळूचं भलंमोठं पान, अख्खं पान भरून, त्यावर पावसाचे थेंब. 'काही घाई नाही ताई.'

मी मगाकडे पाहिलं. फुलपाखरू बाहेर यायला दहाबारा दिवस तरी लागतील. मग दोन नंबरचा ब्रश काढला, त्याचं टोक ओठांत धरून नीट केलं, आणि अळूच्या पानाच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात केली.