पाषाणची बुखारी

पुण्यात थंडी पडते म्हणजे काय, तर पहाटे आमच्या पाषाणला पारा आठ-नऊवर येतो आणि अकरा वाजता माणूस स्वेटर कमरेला बांधून फिरतो. एवढ्याशा थंडीसाठी घरात बुखारी, म्हणजे खोली गरम करायची शेगडी, बसवायची हे फक्त आमच्या सासऱ्यांनाच सुचू शकतं. मनालीच्या हॉटेलात पाहिली, लोखंडी पत्र्याचा ड्रम आणि छताबाहेर गेलेला पाइप, आणि परत आल्या आल्या फॅब्रिकेटर गाठून तश्शीच करून घेतली. "१९३५ च्या जानेवारीत पुण्यात १.७ होतं, आणि आपल्या हवामान खात्याला सिमला ऑफिस म्हणतात ते काय उगीच?" आता ते ऑफिस सिमल्याहून इकडे हलवलं म्हणून तसं म्हणतात, पण सांगणार कोण, मी जावई.

बुखारी आली तिथपर्यंत ठीक होतं, तिच्यात घालायचं काय यावरून घर फुटलं. अण्णा, म्हणजे सासरे, लाकडाच्या बाजूचे. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे काका, वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून रेल्वेत लागलेले, त्यांना कोळसा सोडून बाकी सगळा पालापाचोळा वाटतो. आणि दोघांचाही हमाल मी, कारण डिकी माझ्या गाडीला.

वखारीतून बाभूळ आणली. लाकूड उत्तम, पण ओलं. ताज्या तोडीच्या लाकडात निम्म्यापर्यंत वजन पाण्याचंच असू शकतं, चिरून वर्षभर वाळवावं लागतं, आणि अण्णांना ऊब त्याच संध्याकाळी पाहिजे होती. मग काय, हॉलभर धूर, सासूबाई गॅलरीत, आणि अण्णा डोळे पुसत म्हणतायत, "सुगंध बघा!"

काकांनी ओळखीच्या वीटभट्टीवरून दगडी कोळसा मिळवला (लोणारी कोळसा म्हणजे त्यांच्या मते कणसं भाजायची गोष्ट). रात्री भरला की पहाटेपर्यंत निखारा, हा त्यांचा हुकमाचा एक्का. मी मोबाईलवर बघून सांगितलं की काका, परदेशी चांगल्या कोळशाच्या किलोला सहा-सात हजार किलोकॅलरी आणि वाळक्या लाकडाला चारच्या आत, हे बरोबर, पण आपल्या विदर्भाच्या कोळशात बऱ्याचदा तिसरा हिस्सा राखच, तोही चारच्या आसपास येतो. त्यावर काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. अण्णांनी मात्र मला स्वतःच्या हाताने चहा करून दिला.

पुढचं भांडण जाळीवरून. कोळशाला हवा खालून लागते, म्हणजे जाळी हवीच. लाकूड राखेच्या थरावर मजेत जळतं, हवा वरून मिळाली तरी चालते. म्हणून काका रात्री जाळी बसवणार, अण्णा सकाळी काढणार. बायको म्हणाली, दोन्ही एकत्र जाळा ना! पण ओल्या लाकडाची वाफ आणि कोळशातलं गंधक मिळून ॲसिड होतं आणि ते पाइप खातं, हे मी सांगायच्या आत दोघं भाऊ एका सुरात "शक्य नाही" म्हणाले, त्या घरात झालेली तेवढीच एकी.

आणि खरा घोळ वेगळाच. लाकूड असो की कोळसा, धुमसत राहिलं की कार्बन मोनॉक्साइड, त्याला ना वास ना रंग, बंद खोलीत झोपलेला माणूस उठतच नाही. यात मात्र चेष्टा नको, मी हट्टाने खिडकी उघडी ठेवायला लावली, झोपायच्या आधी विस्तव बाहेर काढायला लावला. म्हणजे कोळशाचा एक्काही गेला. शिवाय खिडकीतून पाषाण तलावाकडचा गार वारा सरळ आत, त्यामुळे बुखारीशेजारी सगळे शाल, कानटोपी, मोजे घालून बसलेले. सासूबाई तेवढ्या आत रजईत, टीव्ही बघत, एकदम उबदार.

सध्या वाद राखेवर आलाय. लाकडाची राख अण्णा गुलाबांना घालतात, उरली तर सासूबाई कढई घासतात. कोळशाची कोणालाच नको. काका पिशवी घेऊन फाटकाशी उभे, कचरेवाल्या मावशी विचारतायत, "ओला का सुका?" आणि काका त्यांना इंजिनाची फायरबॉक्स कशी साफ करायची ते समजावून सांगतायत.