निळा डॉल्फिन आणि हिरवे पाणी

अकरा आठवड्यांच्या ‘नूतनीकरणा’नंतर आज पहाटे पावणेसहाला आमच्या सोसायटीच्या जलतरण तलावाचे दार उघडले आणि प्रथम दर्शन घडले ते फायबरच्या एका निळ्या डॉल्फिनचे. उथळ बाजूच्या कठड्यावर तो शेपटीच्या आधारे उभा आहे, त्याच्या तोंडातून पाण्याची धार पडते, आणि पोटात एक दिवा आहे जो दर चार सेकंदांनी रंग बदलतो. धार ज्या पाण्यात पडत होती ते मात्र अळूच्या फदफद्यासारखे हिरवे होते. दुसऱ्या पायरीवर उभा राहिलो तर तिसरी पायरी दिसेना. मॅनेजरला बोलावून विचारले, तर त्याने अत्यंत प्रसन्न चेहऱ्याने सांगितले, “काका, उद्घाटन रविवारी संध्याकाळी आहे. दिवा लावला की पाणी निळंच दिसतं.”

या वाक्यानंतर मी काही क्षण टॉवेल खांद्यावर घेऊन नुसता उभा होतो.

डॉल्फिनसाठी स्वतंत्र, नवा कोरा पंप बसवलेला आहे. त्या पंपावर पत्र्याची छोटी छत्री आहे, म्हणजे पावसात त्याला सर्दी होऊ नये. शेजारच्याच खोलीत तलावाचा मूळ पंप मात्र २०१२ साली ताबा मिळाला तेव्हापासून जसा होता तसा गळतो आहे, आणि त्याच्याखाली रंगाच्या डब्याची जी रिकामी बादली ठेवलेली असते तीसुद्धा बदललेली नाही. फिल्टरमधली वाळू पाच-सात वर्षांत बदलायची असते. आमची वाळू आता पुरातत्त्व खात्याकडे सोपवण्याच्या वयाची झाली आहे. फिल्टरच्या दाबमापकाचा काटा गेली दोन वर्षे एकाच आकड्यावर बसून आहे, त्यामुळे बॅकवॉश, म्हणजे उलटे पाणी सोडून वाळू धुणे, कधी करायचा हे ठेकेदाराचा माणूस पंचांग पाहून ठरवत असावा. मागच्या वार्षिक सभेत मी वाळूचा विषय काढला तेव्हा ‘निधी नाही’ असे उत्तर मिळाले. उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या पाऊण टक्का दुरुस्ती निधी आपण सगळे दरवर्षी निमूटपणे भरतो, तो कोठे पोहत गेला हे आज कळले.

तलाव पंधरा मीटर लांब, आठ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटरच्या किंचित आत खोल, म्हणजे एक लाख चव्वेचाळीस हजार लिटर पाणी. ऐन एप्रिलमध्ये, नळाला पाणी एक दिवसाआड येत असताना, ते सगळे गटारात सोडून दिले आणि नंतर दहा-दहा हजार लिटरच्या टँकरांची रांग लावून पुन्हा भरले, कारण डॉल्फिनचा पाया ओला राहून चालत नव्हता. पंप ताशी चोवीस हजार लिटर पाणी फिरवतो, म्हणजे सगळे पाणी एकदा गाळून यायला सहा तास हवेत. वीजबिल वाचवण्यासाठी तो दोनच तास चालतो. टँकरचे पाणी जड, त्यात रोज ब्लीचिंग पावडर ओतायची, पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्ल-अल्कपणाचा आकडा, वर चढू द्यायचा, आणि पीएच आठवर गेला की ओतलेल्या क्लोरीनपैकी जेमतेम पाव भाग शेवाळाशी लढायला उरतो. उरलेल्याची वाट दुपारचे ऊन लावते. मग मोरचूद टाकायचे. मग क्लोरीनचा एकदम मोठा डोस ओतून म्हणायचे, “काका, शॉक दिलाय.” शॉक पाण्याला नाही, आम्हाला बसला आहे.

सभासदही काही कमी नाहीत. डोक्याला वाटीभर तेल थापून थेट पाण्यात उतरणारे, शाळेच्या क्रीडादिनाचा सुती टी-शर्ट घालून पोहणारे, आणि नंतर डोळे चोळत ‘आज क्लोरीन फारच जास्त झालंय’ असे सांगणारे. त्यांच्याच घामाशी संयोग होऊन बनलेल्या क्लोरामाइनचा तो वास आणि ती जळजळ असते, हे त्यांना मी सहा वेळा सांगितले आहे. ‘पोहोण्यापुर्वी आंघोळ करने बंधनकारक आहे’ असा फलक शॉवरच्या वर लावलेला आहे. शॉवरला चावी नाही. फलकात तीन चुका आहेत, आणि नूतनीकरणात तो नव्याने, सोनेरी अक्षरांत, त्याच तीन चुकांसह करून घेतला आहे.

येथे एक कबुली द्यावी लागेल. मला सोसायटीतली मुले ‘पीएचकाका’ म्हणतात, कारण पाणी तपासायची छोटी पेटी आणि रंगांचा तक्ता मी पोहण्याच्या पिशवीतच बाळगतो. तलाव उपसमितीत या, असे गेल्या वर्षी सचिवांनी भर सभेत हात जोडून सुचवले तेव्हा मला अचानक गुडघेदुखी आठवली होती. आणि ज्या पोहण्यासाठी ही सगळी आदळआपट, ते म्हणजे कठड्याला लगटून मारलेल्या चार फेऱ्या; तिसरीच्या शेवटी जिना धरून ‘पाण्याची पारदर्शकता पाहतो आहे’ असा आव आणावा लागतो. आजोळच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलो, त्या विहिरीचे पाणीही हिरवेच असे, हे घरच्यांनी आज चहाच्या वेळी मुद्दाम आठवून दिले. असे. पण त्या पाण्यात कासव होते आणि ते खरे होते. त्याच्या पोटात दिवा नव्हता.

तरीही राहवले नाही म्हणून पाणी तपासले. पीएच ८.२, मुक्त क्लोरीन शून्य. निदान एक भाग प्रतिदशलक्ष असायला हवा. दोन्ही नळ्यांचा, मागे तो हिरवा देखावा येईल अशा बेताने, फोटो काढला आणि लहान मुलांना रविवारपर्यंत पाण्यात उतरवू नये, अशी स्वच्छ शब्दांतली विनंती करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. अंगठ्यांनी उत्तर देणाऱ्या लोकांविषयी माझे मत ग्रुपला पूर्वीपासून ठाऊक आहे. दुपारपर्यंत एकोणीस अंगठे आले. एका भगिनींनी मात्र शब्दांत उत्तर देण्याचे कष्ट घेतले: “काका, फोटोत डॉल्फिन कट झालाय, परत पाठवाल का?”