उचलून नेऊ नका, तक्रारीची पोच द्या

मागच्या वर्षी बाबांच्या जमिनीच्या कामासाठी एका सरकारी कार्यालयात गेले होते. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि मी व्हीलचेअरवर. शिपाईदादा भला माणूस. म्हणाले, "ताई, काळजी करू नका, दोन पोरं बोलावतो, खुर्चीसकट वर नेतील." नेलंही. जिन्याच्या वळणावर खुर्ची कलली तेव्हा एका अनोळखी मुलाची कॉलर मी मुठीत गच्च धरली होती. वर गेल्यावर सगळे हसले आणि मी "थँक्यू" म्हणाले. त्या थँक्यूचा मला अजून राग येतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा. त्याचे नियम जून 2017 मध्ये आले आणि तिथून पाच वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारतीही सुगम, म्हणजे दिव्यांगांना कुणी न उचलता वावरता येईल अशा, व्हायच्या होत्या. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सरकारला बजावलं, की सुगमतेचे नियम नुसते सल्लावजा असून चालणार नाहीत, बंधनकारक हवेत.

"पण वकील कुठून परवडणार?" हे मला सगळ्यात जास्त ऐकावं लागतं, म्हणून सांगते. 1987 च्या विधी सेवा कायद्यात दिव्यांग व्यक्तीला वकील मोफत मिळतो. उत्पन्नाची अट नाही! तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरण असतं, नाहीतर 15100 वर फोन करा. मला तिथेच वकीलबाई भेटल्या. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली: तोंडी बोलू नका, लिफ्टची तक्रार लेखी द्या.

मग त्याच कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर मला विचारलं, "लेखी कशाला, साहेबांना भेटा ना." मी हलले नाही. शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेऊनच निघाले. प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा आणि त्याने दोन आठवड्यांत चौकशी करायला हवी, हे दिव्यांग कायद्याच्या कलम 23 मध्ये आहे, पण ते नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारींसाठी. माझ्या तक्रारीवर काहीच झालं नाही, मग पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे गेले. साक्षीदार, कागदपत्रं बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्यांना आहेत. पण त्यांनी दिलेली शिफारसच असते, आणि संबंधित खात्याने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं. ती मानली नाही तर उच्च न्यायालयाचा रस्ता. लांबचा आहे, खोटं कशाला सांगू. माझं प्रकरण अजून चालू आहे, लिफ्ट अजून नाही.

कुणाला माझ्या अर्जाचा मसुदा हवा असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, पाठवते. नाव-गाव बदला, पोच मात्र घ्याच.